ग्रेग लेमाँडची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेग लेमाँडचं नाव काढलं की बहुतेकांना एकच आकडा आठवतो: आठ सेकंद. १९८९ ची टूर द फ्रान्स त्याने तेवढ्याच फरकाने जिंकली आणि पुरुषांची टूर इतक्या कमी फरकाने आजवर दुसऱ्या कुणीही जिंकलेली नाही. पण या माणसाची सगळी कारकीर्द त्या एका दुपारी गुंडाळून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. त्या दुपारच्या आधी आणि नंतर जे घडलं, ते कळल्याशिवाय त्या आठ सेकंदांचाही अर्थ नीट लागत नाही. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

लेमाँडची ओळख थोडक्यात कशी करून द्याल?

जन्म २६ जून १९६१, कॅलिफोर्नियातल्या लेकवूडचा. वाढला नेवाडात, रेनो शहराजवळच्या वॉशो खोऱ्यात. १९८१ ते १९९४ व्यावसायिक रस्ता-सायकलपटू. टूर द फ्रान्स तीनदा जिंकली: १९८६, १९८९ आणि १९९०. रस्ता शर्यतीचं व्यावसायिक जगज्जेतेपद दोनदा: १९८३ आणि १९८९. १९८६ मध्ये टूर जिंकणारा तो युरोपबाहेरचा पहिला पुरुष ठरला.

टूर द फ्रान्स मी कधी पाहिलेली नाही. त्यात सेकंदांचा हिशोब कसा असतो?

टूर तीन आठवडे चालते, रोज एक टप्पा. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मोजतात आणि रोजची बेरीज होत राहते. ज्याची एकूण बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. पॅरिसला पोचल्यावर ती ज्याच्या अंगावर असेल तो विजेता. म्हणजे रोज पहिलं येण्याची गरज नसते. वेळ गमावायचा नाही आणि संधी मिळेल तिथे कमवायचा, हा खरा खेळ.

बहुतेक दिवशी सगळा जथ्था एकमेकांच्या आडोशाने चालतो, कारण पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वाऱ्याशी झगडण्याची बरीच ताकद वाचते. वेळेचा मोठा फरक पडतो तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे घाटात. चढावर वेग कमी असल्याने आडोशाचा फारसा उपयोग नसतो. दुसरं म्हणजे टाइम ट्रायल. त्यात प्रत्येकाला एकेकट्याने, ठरावीक अंतराने सोडतात आणि आडोसा मिळतच नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी ऐकून-पाहून माहीत आहे, त्यांना बोरघाटात पहिल्या येणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवेल. टूरमध्येही घाटांसाठी वेगळं बक्षीस असतं. लेमाँडने ते कधी मिळवलं नाही, पण घाटात तग धरायचा आणि टाइम ट्रायलमध्ये वेळ काढायचा, या दोन्हींत तो पक्का होता. तीन आठवड्यांची शर्यत जिंकायला हे दोन्ही लागतंच.

अमेरिकेत तेव्हा सायकल शर्यतींना कुणी विचारत नव्हतं. मग हा मुलगा तिकडे वळला कसा?

स्कीइंगमुळे. त्याला फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये नाव काढायचं होतं. बर्फ वितळल्यावर पाय तयार ठेवायला सायकल चालव, असा सल्ला वेन वाँग या नामवंत स्कीपटूने एका शिबिरात दिला. १९७६ मध्ये त्याने शर्यतीत भाग घ्यायला सुरुवात केली आणि आपल्या वयोगटातल्या पहिल्या ११ शर्यती ओळीने जिंकल्या. मग वरच्या गटात खेळण्याची परवानगी मागण्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही.

१९७९ मध्ये अर्जेंटिनात झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत त्याने रस्ता शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकसाठी त्याची अमेरिकी संघात निवड झाली होती, पण अमेरिकेने त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला.

युरोपातल्या व्यावसायिक संघाने त्याला कसं हेरलं?

१९८० मध्ये फ्रान्समधली सर्किट द ला सार्त ही शर्यत त्याने जिंकली. रेनो संघाचा प्रशिक्षक सिरिल गिमार याची नजर त्याच्यावर होतीच. गिमारचा तेव्हा दबदबा होता. त्याच्या हाताखाली बेर्नार इनो टूर जिंकत होता आणि लवकरच लोराँ फिन्याँ जिंकणार होता. करार पक्का करायला गिमार आणि इनो थेट नेवाडात लेमाँडच्या घरी जाऊन आले. काउबॉय टोप्या घातलेले त्या भेटीचे फोटो आजही फिरत असतात.

हा तपशील पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. गिमारने लेमाँडला घडवलं. तो थकला की कसा दिसतो, दमला की सायकलवर कसा बसतो, हे गिमारला नेमकं ठाऊक होतं.

पुढची चढण झपाट्याची होती. १९८२ मध्ये टूर द लाव्हनीर, म्हणजे उगवत्या खेळाडूंची टूर, त्याने १० मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. १९८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आल्टेनऱ्हाइन इथे एकट्याने पुढे निघून जगज्जेतेपद मिळवलं. त्या दिवशी दुसरा आला आद्री फान डर पूल. आजचा मातब्बर खेळाडू मॅथ्यू फान डर पूल हा त्याचाच मुलगा. १९८४ मध्ये लेमाँड पहिल्यांदा टूरला उतरला आणि तिसरा आला. तरुणांची पांढरी जर्सीही त्यालाच मिळाली.

१९८५ ची टूर त्याच्याकडून हिसकावून घेतली, असं म्हणतात. खरं काय?

१९८५ मध्ये तो उद्योगपती बेर्नार तापीच्या ला व्ही क्लेर संघात आला. तीन वर्षांचा, दहा लाख डॉलरचा करार. सायकलपटूला तेव्हा एवढे पैसे कुणी देत नव्हतं. संघाचा म्होरक्या इनो होता आणि त्याला पाचवी टूर जिंकायची होती.

सेंत-एत्येनला इनो पडला आणि त्याचं नाक मोडलं. त्यानंतर पिरेनीजमध्ये, लुझ आर्दिदेनच्या टप्प्यावर लेमाँड पुढच्या गटात होता आणि इनो मागे पडला होता. संघाच्या गाडीतून लेमाँडला सांगण्यात आलं, जोर लावू नकोस, इनो जवळच आहे. प्रत्यक्षात तो सांगितलं होतं त्यापेक्षा बराच मागे होता. शिखरावर पोचल्यावर हे कळलं तेव्हा लेमाँड संतापाने रडला.

पॅरिसला इनो पहिला, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा. मनावर घेतलं असतं तर तो त्याच वर्षी जिंकू शकला असता, असं माझं मत आहे. पण व्यावसायिक सायकलिंगमध्ये पगार घेणारा माणूस म्होरक्याविरुद्ध हल्ला करत नाही आणि २४ वर्षांच्या लेमाँडने तो नियम पाळला. लाक द व्हासिव्हिएरची टाइम ट्रायल मात्र त्याने जिंकली. टूरमधला टप्पा अमेरिकी खेळाडूने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

१९८६ मध्ये इनोने त्याला मदतीचा शब्द दिला होता ना? मग भांडण कशाचं?

शब्द दिला होता, तोही जाहीरपणे. यंदा मी ग्रेगसाठी राबेन, असं इनो म्हणाला होता. मग पिरेनीजमधल्या पहिल्याच डोंगरी टप्प्यावर, पो या गावाच्या वाटेवर, तो स्पेनच्या पेद्रो देल्गादोला घेऊन पळाला आणि लेमाँडवर साडेचार मिनिटांहून जास्त वेळ काढला. पिवळी जर्सी इनोच्या अंगावर. सहकारी पुढे पळाला असताना मागून पाठलाग करायचा नाही, हा संकेत. म्हणून लेमाँडला हात बांधून बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी इनोने पुन्हा तेच केलं, पण या वेळी तो दमला. सुपरबान्येरचा टप्पा लेमाँडने जिंकला आणि अंतर ४० सेकंदांवर आलं. पुढे आल्प्समध्ये, ग्रानों घाटाच्या दिवशी, लेमाँडने पिवळी जर्सी घेतली. त्यानंतरचा आल्प द्युएझचा टप्पा सगळ्यांना ठाऊक आहे: दोघं हातात हात घालून रेषेवर आले आणि टप्पा इनोला दिला गेला. त्या फोटोवरून सगळं मिटलं असं वाटतं. पण शर्यत अजून संपलेली नाही, असं इनो त्याच संध्याकाळी टीव्हीवर म्हणत होता.

इनोचं म्हणणं असं की मी हल्ले करून प्रतिस्पर्ध्यांना थकवलं, त्याचा फायदा ग्रेगलाच झाला. यात थोडं तथ्य आहे, कारण बाकीचे स्पर्धक खरोखर मोडून पडले होते. पण पहिल्या दिवसाच्या हल्ल्याला मदत म्हणणं मला पटत नाही. आपल्याच संघातल्या माणसावर साडेचार मिनिटं काढणं याला मदत म्हणता येत नाही. शेवटी लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला.

त्याला गोळी लागली होती म्हणतात. ते नेमकं काय होतं?

२० एप्रिल १९८७. त्या वसंतात इटलीतल्या शर्यतीत मनगट मोडल्यामुळे तो बरा व्हायला अमेरिकेत आला होता. कॅलिफोर्नियातल्या लिंकन गावाजवळ तो नातेवाइकांबरोबर रानटी टर्कीच्या शिकारीला गेला. झुडपांत हालचाल दिसली म्हणून मेहुण्याने बंदूक चालवली. झुडपामागे लेमाँड होता.

पाठीत आणि उजव्या बाजूला सुमारे ६० छर्रे घुसले. उजवं फुप्फुस निकामी झालं आणि शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त वाहून गेलं. जवळपास पोलिसांचं हेलिकॉप्टर दुसऱ्या कामासाठी उडत होतं. त्यानेच त्याला सॅक्रॅमेंटोच्या रुग्णालयात नेलं. तेवढं नशीब नसतं तर तो वाचलाच नसता. घरी बायको कॅथी दुसऱ्यांदा गरोदर होती.

शस्त्रक्रिया झाली, पण सगळे छर्रे काढणं शक्य नव्हतं. तीसहून अधिक आतच राहिले. त्यांतले काही यकृतात आणि काही हृदयाच्या आवरणात. ते शिशाचे छर्रे घेऊनच त्याने पुढची सगळी कारकीर्द केली. सायकलपटू जगतो तो फुप्फुस, हृदय आणि रक्त या तिघांवर, आणि नेमका त्या तिन्हींवरच घाव बसला होता.

त्याच वर्षी आतड्यात अडथळा आल्याने पुन्हा पोट उघडावं लागलं. आपण आता कामातून गेलो असं संघाला वाटू नये म्हणून, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असं सांगितलं गेलं.

मग तो लगेच परत आला का?

नाही. १९८७ गेलं, १९८८ ही गेलं. त्या दोन वर्षी टूर जिंकली अनुक्रमे स्टीफन रोशने आणि पेद्रो देल्गादोने. लेमाँड घाईने परतला, शरीर तयार नसताना जास्त सराव केला, मग नडगीच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया. डच संघ पीडीएमशी बिनसलं आणि १९८९ साठी त्याला बेल्जियमच्या एडीआर या लहान संघात जावं लागलं. घाटात साथ देतील असे सहकारी त्या संघात जवळपास नव्हतेच.

मे-जूनमधल्या जिरो द इटालियात, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तो घाटांवर रोज मिनिटामिनिटांनी मागे पडत होता. हे सोडून द्यावं का, असं बायकोला फोनवर विचारण्यापर्यंत वेळ आली. मालिश करणाऱ्या ओतो हाकोमेला त्याचा चेहरा पांढराफटक दिसला. रक्ततपासणीत लोह फार कमी निघालं आणि लोहाची इंजेक्शनं सुरू झाली. शेवटच्या दिवशी ५० किलोमीटरहून लांब टाइम ट्रायल होती. त्यात लेमाँड दुसरा आला आणि जिरोचा विजेता फिन्याँपेक्षा मिनिटाहून जास्त वेगाने गेला. एकूण क्रमवारीत तो ३९ वा होता, त्यामुळे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. फिन्याँच्या गोटात मात्र गिमारने दिलं.

आता मुख्य प्रश्न. ते आठ सेकंद आले कुठून?

ते शेवटच्या दिवशी आले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला हे अर्धवट वाटतं. तीन आठवड्यांचा हिशोब मांडून पाहा.

सांघिक टाइम ट्रायल फिन्याँच्या संघाने जिंकली. लेमाँडचा दुबळा संघ ५१ सेकंद मागे पडला. हा तोटा त्याच्या पायांचा नव्हता, संघाचा होता. मग पाचव्या टप्प्यात दिनार ते रेन अशी ७३ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली आणि त्यात लेमाँडने फिन्याँवर ५६ सेकंद काढले. प्रास्ताविक टप्प्यात दोघांची वेळ सारखीच होती, त्यामुळे पिवळी जर्सी लेमाँडकडे, फरक पाच सेकंदांचा.

पिरेनीजमध्ये सुपरबान्येरला फिन्याँने ती परत घेतली, सात सेकंदांनी. ओर्सिएर-मेरलेतच्या डोंगरी टाइम ट्रायलनंतर लेमाँड पुन्हा पुढे, ४० सेकंदांनी. ब्रियाँसोंला ते ५३ झाले.

मग आल्प द्युएझ. हा प्रसंग मला सगळ्या टूरमध्ये सर्वांत बोलका वाटतो. दोघं शेजारी शेजारी चढत होते, कुणी कुणाला सोडत नव्हतं. मागच्या गाडीत गिमार होता. लेमाँडचे खांदे ज्या पद्धतीने हलायला लागले ते पाहून त्याने ओळखलं की हा संपत आला आहे. पुढे येऊन त्याने फिन्याँला सांगितलं, आत्ता मार. फिन्याँने आधी ऐकलं नाही, कारण तोही दमला होता. शेवटच्या चारेक किलोमीटरमध्ये तो सुटला आणि शिखरावर १ मिनिट १९ सेकंदांचा फरक पडला. ज्याने लेमाँडला घडवलं त्यानेच त्याचं शरीर वाचलं. फिन्याँ २६ सेकंदांनी पुढे.

दुसऱ्या दिवशी व्हिलार द लाँस इथे फिन्याँ पुन्हा एकटा सुटला आणि जिंकला. आघाडी ५० सेकंद. त्याच्या पुढच्या दिवशी एक्स-ले-बँचा टप्पा लेमाँडने जिंकला, पण वेळ सारखाच. आघाडी ५० वरच राहिली.

२३ जुलै १९८९. व्हर्साय ते पॅरिसचा शाँझ एलिझे, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंदांहून जास्त काढायचे, तेही दोनदा टूर जिंकलेल्या माणसावर. फ्रेंच वर्तमानपत्रांनी फिन्याँच्या विजयाचे अंक तयार ठेवले होते. मला वाटेत वेळ सांगू नका, असं लेमाँडने गाडीतल्या लोकांना बजावलं. त्याला फक्त जीव खाऊन पॅडल मारायचं होतं. त्याची वेळ २६ मिनिटं ५७ सेकंद, सरासरी ताशी ५४.५४५ किलोमीटर. तोवरच्या टूरच्या इतिहासातली ती सर्वांत वेगवान टाइम ट्रायल.

फिन्याँ २७ मिनिटं ५५ सेकंदांत आला. ५८ सेकंद जास्त. तो वाईट चालवत होता असं कुणी म्हणू नये. त्याची सरासरीही ताशी साडेबावन्न किलोमीटरच्या वर होती आणि त्या टप्प्यात तो तिसरा आला. पण रेषा ओलांडून तो रस्त्यावर कोसळला.

३,२८५ किलोमीटरनंतर आठ सेकंद. लेमाँडच्या त्या दिवसाच्या वेगाने मोजलं तर सुमारे १२० मीटर. सांघिक टप्प्यात गेलेले ५१, रेनला कमावलेले ५६, आल्प द्युएझला गेलेले ७९, यांतला कुठलाही आकडा जरासा इकडेतिकडे झाला असता तर निकाल फिरला असता.

पण तो त्या वेगळ्या हँडलमुळे जिंकला ना?

हँडलचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्रायथलॉनवाले वापरत होते तसं पुढे लांब गेलेलं हँडल लेमाँडने लावलं होतं. त्यावर कोपरं टेकवून हात समोर जोडले की छाती झाकली जाते आणि अंगावर येणारा वारा कमी होतो. डोक्यावर हवा कापणारं लांबट हेल्मेट होतं. फिन्याँ जुन्या पद्धतीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने, मागे शेंडी उडत होती. शिवाय त्याला बैठकीच्या जागी गळू झालं होतं. बसणंच असह्य होतं, आणि उत्तेजक चाचणीच्या भीतीने जालीम औषध घेता येत नव्हतं.

तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, ते हँडल लेमाँडने शेवटच्या दिवशी गुपचूप काढलं नव्हतं. रेनच्या टप्प्यातही तेच होतं आणि सगळ्या जगाने पाहिलं होतं. फिन्याँच्या संघाने रीतसर हरकत घेतली नाही आणि स्वतःही ते वापरून पाहिलं नाही. दोन, वारा हा सायकलपटूचा सर्वांत मोठा शत्रू आहे हे ओळखून त्यावर मेहनत घेणं हाही खेळाचाच भाग आहे. याच माणसाने १९८६ ची टूर कार्बनच्या फ्रेमवर जिंकली होती. तशी ती पहिलीच. पुढे पॅडलवरची ताकद मोजणारं यंत्र सरावात वापरणाऱ्या पहिल्या मोठ्या खेळाडूंतही तो होता. आज प्रत्येक संघ हेच करतो.

फिन्याँविषयीही आदराने बोलायला हवं. १९८३ आणि १९८४ ची टूर जिंकलेला हा माणूस आयुष्यभर ‘आठ सेकंदांनी हरलेला’ म्हणून ओळखला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला.

त्याच वर्षी जगज्जेतेपदही मिळालं का?

हो, महिनाभरानेच. शाँबेरीला, भर पावसात. शेवटच्या चढावर फिन्याँ पुन्हापुन्हा हल्ले करत होता आणि प्रत्येक वेळी लेमाँड त्याच्या मागे पोचत होता. शेवटच्या धावेत त्याने सोव्हिएत संघाचा दिमित्री कोनिशेव आणि शॉन केली यांना मागे टाकलं. केली म्हणजे शेवटच्या धावेतला वाघ. त्याला तिथे हरवणं मला पॅरिसइतकंच मोठं वाटतं. त्या वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लेमाँडला निवडलं. तोवर एकाही सायकलपटूला तो मान मिळाला नव्हता.

१९९० ची टूर एकही टप्पा न जिंकता जिंकली, मग तो विजय कमी प्रतीचा नाही का?

माझ्या मते हा त्याचा सर्वांत शहाणपणाचा विजय आहे. पहिल्याच टप्प्यात चार जण पळाले आणि १० मिनिटांहून जास्त वेळ घेऊन आले. त्यांत इटलीचा क्लाउदिओ कियाप्पुची होता आणि लेमाँडच्याच झेड संघाचा रोनान पाँसेकही. सहकारी पुढे असल्याने लेमाँडला पुन्हा थांबणं भाग होतं, १९८६ सारखंच.

मग त्याने ती दहा मिनिटं तुकड्यातुकड्यांनी परत मिळवली. सेंत-एत्येनच्या टप्प्यावर एका फटक्यात पावणेपाच मिनिटांहून जास्त. लुझ आर्दिदेनला, जिथे १९८५ मध्ये त्याला थोपवलं होतं त्याच चढावर, असा जोर लावला की फक्त तरुण मिगेल इंदुराइन त्याच्याबरोबर टिकला. आता कियाप्पुची फक्त पाच सेकंदांनी पुढे. त्यानंतर मारी-ब्लाँक घाटात लेमाँडचं चाक पंक्चर झालं आणि पिवळ्या जर्सीतल्या कियाप्पुचीने ती संधी साधून हल्ला केला. या वेळी मात्र लेमाँडकडे चांगला संघ होता. सहकारी थांबले, त्याला ओढत परत पुढे आणलं. शेवटून दुसऱ्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने २ मिनिटं २१ सेकंद काढले आणि २ मिनिटं १६ सेकंदांनी टूर जिंकली.

मग पुढे एकदम उतार का लागला?

१९९१ मध्ये तो सातवा आला, १९९२ ला टूर अर्ध्यावर सोडली, १९९४ लाही सोडली. १९९२ ची अमेरिकेतली टूर ड्यूपाँ हा शेवटचा मोठा विजय. डिसेंबर १९९४ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा स्नायूंच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेचा आजार असल्याचं त्याने सांगितलं. नंतर मात्र त्या निदानाबद्दल त्याने स्वतःच शंका व्यक्त केली.

दुसरं कारण त्या काळाचं. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला जथ्थ्यात ईपीओ आलं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं हे औषध तेव्हा चाचणीत सापडत नव्हतं. मी पूर्वीइतकाच वेगात असताना मधल्या फळीतले लोक मला मागे टाकून जायला लागले, असं लेमाँड सांगत आला आहे. अंगातले छर्रे, अतिसराव आणि बदललेला जथ्था, यांतलं कशाचं किती, याची वाटणी करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

त्याने स्वतः कधी काही घेतलं नसेल कशावरून?

उत्तेजक चाचणीत तो कधी दोषी आढळला नाही. त्याच्याबरोबरच्या खेळाडूंपैकीही त्याच्यावर ठोस आरोप कुणी केलेला नाही. १९८९ मधली लोहाची इंजेक्शनं तेव्हाच्या नियमांत बसत होती आणि ती त्याने लपवलीही नाहीत. आज तेच केलं तर अडचण होईल, कारण २०११ पासून शर्यतींत वैद्यकीय गरजेशिवाय सुई टोचण्यावर बंदी आहे. श्वासातून प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता ९२.५ (वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला इतके मिलिलिटर) सांगितली जाते. तो आकडा फार क्वचित दिसतो, आणि तो किशोरवयापासूनच सगळ्यांच्या पुढे होता. मला त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत वाटत नाही.

लान्स आर्मस्ट्राँगशी त्याचा वाद काय होता?

२००१ मध्ये लेमाँडने एवढंच म्हटलं होतं की आर्मस्ट्राँगने मिकेले फेरारी या वादग्रस्त डॉक्टरबरोबर काम करावं याचं मला वाईट वाटतं. तेव्हा टूर जिंकत असलेला आर्मस्ट्राँग अमेरिकेचा लाडका होता. लेमाँडला मत्सरी म्हटलं गेलं आणि त्याला जाहीर माफीनामा काढावा लागला. त्याच्या नावाच्या सायकली ट्रेक कंपनी बनवत असे आणि आर्मस्ट्राँगही ट्रेकचाच खेळाडू. तो करार बिघडला, दोन्हीकडून न्यायालयात दावे झाले आणि २०१० मध्ये तडजोड झाली. तडजोडीनुसार ट्रेकने लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दोन लाख डॉलर दिले.

त्या संस्थेशी लेमाँडचं नातं जवळचं आहे. लहानपणी आपल्यावर अत्याचार झाला होता हे त्याने २००७ मध्ये, अमेरिकी सायकलपटू फ्लॉइड लँडिसच्या उत्तेजक प्रकरणात साक्ष देताना, सगळ्यांसमोर सांगितलं. आदल्या रात्री लँडिसच्या व्यवस्थापकाने फोन करून त्याच गोष्टीवरून त्याला डिवचलं होतं. तरीही त्याने साक्ष दिली. घाटातल्या कुठल्याही हल्ल्यापेक्षा मला हे धैर्य मोठं वाटतं.

उत्तेजकांमुळे लँडिसचं २००६ चं टूरचं विजेतेपद गेलं, २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं गेली. पुरुषांची टूर जिंकलेला अमेरिकी म्हणून आज नोंदीत एकटा लेमाँड उरला आहे.

म्हणजे टूर जिंकणारा पहिला अमेरिकी तोच?

पुरुषांत तोच. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, महिलांची टूर द फ्रान्स मॅरिअॅन मार्टिन या अमेरिकी सायकलपटूने जिंकली होती. हे नाव बहुतेक लेखांत येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टूर सोडून इतर मोठ्या शर्यतींत त्याने काय केलं?

एकदिवसीय पाच ऐतिहासिक शर्यतींपैकी एकही त्याच्या नावावर नाही. जवळ मात्र पोचला: १९८३ ला लोंबार्दीत दुसरा, १९८६ ला मिलान-सान रेमोत दुसरा. दोन्ही वेळा पहिला केली. १९८५ ला जिरोत तिसरा, तिथेही पहिला इनो. नंतरच्या वर्षांत तो टूरच्याच हिशोबाने वर्ष आखायचा, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे.

आता तो काय करतो?

सायकली आणि कार्बन तंतूंच्या उद्योगात आहे, टीव्हीवर समालोचनही केलं. अमेरिकी काँग्रेसने त्याला सुवर्णपदक देण्याचा कायदा २०२० मध्ये मंजूर केला. जून २०२२ मध्ये आपल्याला रक्ताचा एक जुनाट प्रकारचा कर्करोग झाल्याचं त्याने जाहीर केलं. तो गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो.

त्याच्या जुन्या शर्यती पाहायच्या तर सुरुवात कुठून करू?

सगळे १९८९ च्या शेवटच्या टप्प्यापासून करतात. तुम्ही त्याच वर्षीच्या आल्प द्युएझपासून करा आणि लेमाँडच्या खांद्यांकडे लक्ष ठेवा. गिमारने काय पाहिलं ते तुम्हालाही दिसेल. मग पॅरिस. आणि वेळ असेल तर १९९० चा लुझ आर्दिदेन, पूर्ण चढ, मधलं काही न गाळता.